अर्ध्या इंचाचा साक्षीदार

माणसाला गाव विचारले तर तो सांगतो. जुन्या यंत्राला विचारावे, तर ते अंगावरची पितळी पाटी पुढे करते. आणि ती पाटी खरे सांगेलच असे नाही. कारण पाट्या दोन जातींच्या असतात. एक यंत्र बनवणाऱ्याची, दुसरी विकणाऱ्याची. कॉव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट ही पेढी घ्या. ती स्वतः यंत्रे बनवी आणि दुसऱ्यांची बनवलेलीही विकत असे. पुष्कळदा विकणाऱ्याचीच पाटी मोठी नि झळझळीत, आणि बनवणाऱ्याचे नाव बिडाच्या ओतकामात कुठेतरी रंगाच्या थरांखाली बुजलेले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण यंत्रांनाही लागू पडते ती अशी.

या सदरात मी यंत्रांविषयी लिहितो, म्हणून ओळखीपाळखीचे लोक असली कोडी घेऊन येतात. परवा पुण्याच्या एका पेठेतून असेच बोलावणे आले. घराच्या मागच्या बाजूला आजोबांचा छोटा कारखाना, बरीच वर्षे बंद. त्यात एक ९ इंची लेथ. जागा मोकळी करायची म्हणून भंगारवाला येऊन किलोचा भावही सांगून गेला होता. भाव ठरला, पण नातवाचे मन काही ठरेना.

त्या लेथची घरात एक दंतकथाच झाली होती. आजोबांनी तो १९४७ साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून विलायती म्हणून घेतला. पुढे त्याचे एक दातेरी चक्र मोडले. इंग्रजी लेथचे नवे चक्र आणून लावले, पण ते शेजारच्या चक्रात नीट बसेना. खडखड करी, दात खाई. तेव्हापासून त्या लेथवर नुसते कातकाम झाले, आटे म्हणून कधी पाडले गेले नाहीत. आणि "आजोबांना व्यापाऱ्याने फसवले, विलायती सांगून भलतेच गळ्यात बांधले" हे वाक्य तीन पिढ्या घरात फिरत राहिले.

"काका, पाटीवर तर चक्क लंडन लिहिलंय!" सूनबाई म्हणाल्या.

"पाटी राहू द्या," मी म्हटले. "थोडे रॉकेल, एक फडके आणि अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट आणा. एक इंग्रजी आट्यांचा, एक अमेरिकन आट्यांचा."

अर्ध्या इंचाचेच का, ते सांगतो. पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सर्वांसाठी एक आटा सुचवला. त्याचा कोन ५५ अंशांचा, माथा गोलसर. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी ६० अंशांचा, चपट्या माथ्याचा आटा मांडला. तो कापायला सोपा. आता गंमत पाहा. पाव इंचाच्या बोल्टला दोन्ही पद्धतींत इंचामागे २० आटे, तीन सुती बोल्टला १६, पाऊण इंचीला १०. नुसते मोजून काही कळत नाही. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि सेलर्सचे १३! म्हणून अर्ध्या इंचाचा बोल्ट हा माझा आवडता साक्षीदार. मात्र साक्ष घ्यायची ती बोल्टची नव्हे, भोकाची. बोल्ट कुणीही बदलतो. बिडात पाडलेले भोक सहसा कुणी बदलत नाही.

इंग्रजी बोल्ट दोनतीन फेऱ्यांत अडला. अमेरिकन बोल्ट शेवटपर्यंत सरळ आत गेला.

एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. विशेषतः १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचा एकच आटा मान्य केला. त्यानंतरच्या यंत्राला ही परीक्षा पुरत नाही. हा लेथ १९४७ चा, म्हणून ती निदान चालण्याजोगी. तरी दुसरा पुरावा हवा होता. टेलस्टॉकच्या टोकाला, बेडच्या वरच्या अंगाला फडके घासले. काळे तेल निघाले आणि खाली ठोकलेला क्रमांक दिसला. ही जागा अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतातील साउथ बेंड कंपनीची. ओब्रायन नावाच्या जुळ्या भावांनी ती १९०६ साली काढली. त्यांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांवरून १९४३ साल निघाले. आणि रंग खरवडताना एक छोटी पाटी हाती लागली. तिच्यावरच्या मजकुराचा आशय असा, की यंत्राचे माल आणि काम नेहमीच्याच प्रतीचे आहे, फक्त वरची सफाई युद्धकार्यासाठी कमी केली आहे. म्हणजे ज्या ओबडधोबड रंगामुळे घरच्यांना माल हलका वाटे, त्याचा खुलासा ती पाटी केव्हाची करीत बसली होती, रंगाखाली.

राहिले चक्राचे कोडे. ते तर घरातली शाळकरी मुलेही सोडवतील. चक्राचे दात मोजा, त्यांत २ मिळवा, आणि बाहेरच्या व्यासाने इंचांत भागा. मूळ चक्राला ५२ दात, व्यास ३ इंच; ५४ भागिले ३ म्हणजे १८. मागाहून आणलेल्या चक्राला ६० दात, व्यास ३.१ इंच, ६२ भागिले ३.१ म्हणजे २०. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनच्या मायफर्ड लेथची चक्रे २० च्या मापाची असतात, साउथ बेंडच्या या ९ इंचीची १८ च्या. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्याला फरक कळत नाही. एकमेकांत घातली की दात खातात. यंत्रांचेही दाखवायचे दात निराळे आणि खायचे दात निराळे, असे म्हणावेसे वाटते!

नातू बराच वेळ त्या दोन चक्रांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांना कुणी फसवलंच नव्हतं."

नव्हतेच. व्यापाऱ्याने पाटीवर आपल्या पेढीचा पत्ता घातला होता, यंत्राचे गाव नव्हे. माल चोख होता. चुकले ते एवढेच, की यंत्राचे गोत्र न विचारता सोयरीक जुळवली गेली. १८ च्या मापाचे चक्र एका कारागिराने महिनाभरात कापून दिले. त्या लेथवर आता आटे पडतात. भंगारवाल्याला परत पाठवले, हे सांगायला नकोच.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून, गोदामातून पुष्कळ जुने लोखंड खाली येते. शिवणयंत्राचे मुंडके, हातपंप, वाडवडिलांचे ड्रिलिंग मशीन. किलोचा भाव विचारण्याआधी एक तास काढा. पाटी वाचा, पण तिच्यावर थांबू नका. ओतकामातली उठावाची अक्षरे बोटाने चाचपा, रंगाखाली आणि बेडच्या टोकाला क्रमांक शोधा, आटे मोजा, दात मोजा, आणि सारे वहीत लिहून ठेवा. पुष्कळदा यंत्र निकामी नसते. त्याला लागणारा भाग कुठल्या मापाचा, एवढेच घरात कुणाला ठाऊक नसते. एकदा ते वितळले, की मग विचारायचे कुणाला?