परळचा बंगला कुणाच्या कामी आला?

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांकडे निघालेल्यांची दिवसभर वर्दळ असते. त्याच रस्त्यावरच्या हाफकिन संस्थेच्या आवारात एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर राहत होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुळात हा पाद्र्यांचा मठ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे त्याचं गव्हर्न्मेंट हाऊस झालं. प्रार्थनेच्या जागी मेजवान्या झडू लागल्या, वरच्या मजल्यावर नाचघर आलं. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स उतरले ते इथेच. मग परळमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, वस्ती दाटली, हवा बिघडली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरात पटकीने गेल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला.

परळच्या कामगाराला असं बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा तो तिथेच होता.

वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा या बंगल्यात आली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. प्लेगच्या लशीनंतर इथे सर्पदंशावरच्या औषधाचंही काम झालं. सापाचं विष काढायचं, ते अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळवायचं, असं हे चिकाटीचं काम. भातखाचरात साप चावलेल्या शेतकऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. या घराला खरी प्रतिष्ठा गव्हर्नर गेल्यावर मिळाली, असंच म्हणायला हवं.

एप्रिल २०२१ मध्ये हाफकिनला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा महाराष्ट्राला या नावाची पुन्हा आठवण झाली. अशी आठवण साथ आल्यावरच होऊ नये. सरकारी वारसावास्तू म्हटली की संग्रहालय किंवा हॉटेल एवढेच पर्याय पुढे येतात. परळच्या बंगल्याने तिसरी वाट शंभर वर्षांहून अधिक काळ चालून दाखवली आहे. म्हणून राज्य सरकारने वास्तूच्या डागडुजीसाठी स्वतंत्र तरतूद करावी, त्यासाठी संशोधनाच्या पैशाला हात लावू नये. आणि परळ-लालबागच्या शाळांतल्या मुलांना दरवर्षी हे घर आतून दाखवावं.