मुलांचे बुडणे दैवाधीन नाही

मुलांचे अपघात टळत नसतात, हे सांगताना सहसा तीन युक्तिवाद केले जातात. अपघात दैवाधीन असतात. आजारांच्या मानाने ते तुरळक असतात. आणि घडलाच तर दोष आईबापांच्या दुर्लक्षाचा असतो. बांगलादेशातील बुडण्याच्या घटनांचा अभ्यास हे तिन्ही युक्तिवाद खोडून काढतो.

तुरळकपणाचा समज रुग्णालयांच्या नोंदींतून निर्माण होतो. पाण्यात पडलेले लहान मूल काही मिनिटांत दगावते. त्याला दवाखान्यात नेण्याची वेळच येत नाही, त्यामुळे तिथल्या नोंदवहीत त्याचा मृत्यू चढत नाही. २००३च्या देशव्यापी सर्वेक्षणात पाहणी करणारे थेट घरोघरी गेले. पावणेदोन लाखांच्या आसपास कुटुंबांकडून माहिती घेतल्यावर १ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बुडणे हेच निघाले. मृत्यू पूर्वीही होत होते. मोजणी चुकीच्या जागी होत होती.

दैवाचा युक्तिवादही टिकत नाही. दैवाच्या घाल्याला काळवेळ नसते, या मृत्यूंना मात्र ठरावीक वय, वेळ आणि जागा होती. बळी गेलेल्यांत पाच वर्षांखालील, विशेषतः नुकती चालू लागलेली मुले सर्वाधिक होती. वेळ बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एकची, तर जागा घरापासून हाकेच्या अंतरावरचे तळे किंवा डबके. ज्याचा असा नेम सांगता येतो, त्याला आळाही घालता येतो.

दुर्लक्षाचा आरोप तर अन्यायाचाच आहे. त्या चार तासांत बाप शेतावर असतो आणि स्वयंपाक, धुणेभांडी, पाणी भरणे, धाकट्याला पाजणे हे सारे एकटी आई करते. ती चुलीतली लाकडे सारते तेवढ्यात मूल अंगण ओलांडून पाण्यात जाते, आणि बुडणारे मूल सहसा ओरडत नाही. अशा घराला ‘लक्ष ठेवा’ एवढेच बजावून भागत नाही. त्याला माणसाची मदत हवी असते.

उपाय याच निष्कर्षांवर बेतले गेले. ‘आंचल’ नावाच्या पाळणाघरांत गावातलीच प्रशिक्षित बाई नेमक्या त्या धोक्याच्या तासांत पाच वर्षांपर्यंतची मुले सांभाळते. थोड्या मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून पोहणे आणि बुडणाऱ्याला काठावरून वाचवणे शिकवले जाते. पोहता आले की मुले धीट होऊन जास्त बुडतील, अशी शंका घेतली जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ती दूर केली: पोहायला शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक, तर आंचलमधील मुलांत ८० टक्क्यांहून अधिक कमी आढळले. २०२२ साली बांगलादेश सरकारने अशा ८,००० केंद्रांचा प्रकल्प मंजूर केला.

महाराष्ट्रालाही हा धडा लागू आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो. आत पडलेल्या मुलाला वर चढता येत नाही. तळ्याभोवती कुंपण, आत सोडलेला गाठींचा दोर आणि प्रत्येक मृत्यूची वय, वेळ व जागेसह गावपातळीवर नोंद, एवढ्यापासून सुरुवात करता येते. नोंद नेमकी असेल, तर पुढचे मूल वाचवण्याचा उपाय तीच दाखवते.