टाकणखार नैसर्गिक आहे. पण म्हणून निर्धोक आहे का?

मागच्या महिन्यात बदलापूरहून एक आई अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आली. लंगोटाच्या जागी त्वचा लाल झालेली, काही ठिकाणी सोललेली. काय लावता असं विचारल्यावर तिने पिशवीतून एक डबी काढली. झाकणावर एवढंच लिहिलेलं: 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री'. आत काय आहे, ते कुठेच नाही. तिने माझ्यासमोरच बनवणाऱ्या बाईंना फोन लावला. उत्तर आलं: मधमाशांचं मेण, बदामाचं तेल, गुलाबपाणी आणि थोडा सुहागा.

"सुहागा म्हणजे आपला टाकणखारच ना डॉक्टर? मग चांगलाच की! सासूबाई तर त्याची लाही मधातून बाळाच्या तोंडाला लावतात."

मला डबीपेक्षा या शेवटच्या वाक्याची जास्त धास्ती वाटली.

क्रीममध्ये तो घालतात कशाला?

टाकणखार म्हणजे बोरॅक्स, सोडियम आणि बोरॉनचा क्षार. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. बोरॅक्स मेणातल्या आम्लांशी मिळून थोडा साबण तयार करतो आणि क्रीम फुटत नाही. जुन्या कोल्ड क्रीमची कृती हीच. त्यामुळे घरी क्रीम बनवणाऱ्या बायका कुणाला फसवतात असं मी म्हणणार नाही. मात्र आपण काय वापरतो, हे त्यांना माहीत असायला हवं आणि तुम्हालाही.

मग धोका किती?

घाबरून जाऊ नका. धडधाकट माणसाच्या अखंड त्वचेतून बोरॅक्स फारच कमी, एक टक्क्याहूनही कमी, आत शिरतो. हाताला कधीतरी असं क्रीम लावलं म्हणून विषबाधा होत नाही. पण त्वचा सोललेली, भाजलेली किंवा इसबाने फुटलेली असेल, तर हा हिशेब बदलतो. जखमेतून तो बराच जास्त शोषला जातो. शिवाय बोरॅक्सचं पाणी अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच नऊच्या वर. त्वचेचा पीएच साधारण पाच. म्हणून नुसत्या टाकणखाराचा लेप किंवा स्क्रब चेहऱ्यावर चोळला तर त्वचा कोरडी पडते, चुरचुरते.

रक्तात गेलेला बोरॉन लघवीवाटे बाहेर पडतो. तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड अजून कच्चे आणि वजन जेमतेम चार-पाच किलो. बोरॉन साठत गेला तर उलट्या, जुलाब, उकडलेल्या खेकड्यासारखी लाल होऊन सोलणारी त्वचा आणि झटके येऊ शकतात. ब्रिटनमध्ये १९८३ साली अशा सात बाळांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावलं जात होतं. ते बंद केल्यावर झटके थांबले.

"पण आम्ही लाही करून देतो," असं आजी सांगतात. लाही केल्याने टाकणखारातलं पाणी उडतं, बोरॉन नाही. टाकणखाराच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. म्हणजे पूर्ण फुललेल्या चिमूटभर लाहीत, तेवढ्याच वजनाच्या कच्च्या खारापेक्षा बोरॉन दुपटीच्या आसपास! वर मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत बोरॉनच्या मोठ्या मात्रेने प्रजननक्षमतेवर आणि गर्भाच्या वाढीवर परिणाम दिसला आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड वापरायला बंदी घातली. आपल्याकडे मात्र हीच बोरिक पावडर कॅरमवर टाकतात, झुरळं मारायला कणकेत मळतात, आणि कुणी घामोळ्यांवरही लावतं.

माझं मत

'नैसर्गिक' हा शब्द कुठून आलं ते सांगतो, सोसेल का ते नाही. बोरॅक्स लडाखच्या पुगा खोऱ्यात जमिनीवर सापडतो, म्हणजे नैसर्गिकच. धोत्राही नैसर्गिकच आहे. उल्हासनगरच्या बाजारातून घ्या, अंबरनाथच्या बचत गटाकडून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत ती डबी घरात आणू नका. विकणाऱ्या ताईंनाही माझी विनंती: एक चिठ्ठी चिकटवा. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, विश्वास वाढतो.

एवढं लक्षात ठेवा:

- लेबलवर सोडियम बोरेट, सोडियम टेट्राबोरेट, बोरिक ॲसिड, टंकण, सुहागा ही नावं शोधा. सगळी एकाच घरातली.
- तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी ही उत्पादनं टाळावीत. सोललेल्या त्वचेवर कुणीच लावू नयेत.
- बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर सुरक्षित औषध मिळतं.
- वैद्यांनी टंकण दिलं असेल तर मात्रा आणि मुदत त्यांनाच विचारा, मनाने वाढवू नका.
- टाकणखार, तुरटी, खाण्याचा सोडा दिसायला सारखेच पांढरे. डब्यांवर नावं लिहा आणि टाकणखार स्वयंपाकघराबाहेर ठेवा.
- पोटात गेला आणि उलट्या, सुस्ती किंवा झटके आले, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा. पुडी सोबत न्या.

त्या बाळाचं क्रीम आणि लाही, दोन्ही बंद केलं. जागा कोरडी ठेवली, साधं झिंक ऑक्साइडचं मलम दिलं. आठवड्यात त्वचा निवळली. पुढच्या खेपेला सासूबाईही आल्या होत्या. जरा रागातच होत्या, पण लाहीची पुडी आपण होऊन माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.