शटडाऊनचे दिवस

थंडीत वीजपुरवठा टिकेल का, ही काळजी आपल्याकडे कुणी करत नाही. डोंबिवलीतली थंडी म्हणजे पंखा एकवर आणि अंगावर चादर. माझी भाची टेक्सासात असते. फेब्रुवारी 2021 मध्ये तिकडे बर्फाचं वादळ आलं, गॅसच्या विहिरींपासून वीजकेंद्रांच्या पाइपांपर्यंत सगळं गोठलं आणि लाखो घरं अंधारात गेली. सबंध ग्रिड कोसळायला जेमतेम साडेचार मिनिटं उरली होती, असं तिथल्या ग्रिडचालकांनीच नंतर सांगितलं. भाचीचं कुटुंब अंगणातल्या मोटारीत हीटर लावून बसलं होतं. हे ऐकून आमची ही म्हणाली, "आपलं बरं आहे बाई, थंडीत लाईट जात नाही."

जाते की! फक्त जात नाही, घालवली जाते. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप सुरू होतात: उद्या सकाळी नऊपासून शटडाऊन, पाणी भरून ठेवा. मग लिफ्टवरून कुरकुर, ऑनलाइन मीटिंगवरून कुरकुर, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा ठरलेला सवाल: "आता एसी बंद, लोड नाही, मग लाईट घालवायची कशाला?"

लोड नाही म्हणूनच, काका.

गेल्या डिसेंबरात आमच्या कोपऱ्यावर असंच काम चाललं होतं. वायरमनने उपकेंद्रात फोन करून लाईन बंद असल्याची दोनदा खात्री करून घेतली, टेस्टरने तपासलं, तारांना अर्थिंगचा दांडा अडकवला आणि मगच वर चढला. खाली उतरवलेला चिनीमातीचा इन्सुलेटर त्याने फडक्याने पुसला, तर फडकं काळं. एमआयडीसीची हवा, रस्त्याची धूळ. पावसाळ्यात हे आपोआप धुतलं जातं. पाऊस गेला की थर साचतो, पहाटेच्या दवाने ओला होतो आणि त्यातून वीज पाझरायला लागते. खांबाखालून जाताना चर्रचर्र आवाज येतो तो बऱ्याचदा याचाच. तो वाढला की एखाद्या पहाटे ठिणगी पडते आणि अख्खा फीडर ट्रिप.

विजेचं पंचांगच वेगळं आहे. औष्णिक केंद्रांतले संच मोठ्या दुरुस्तीला शक्यतो पावसाळ्यात घेतात, कारण तेव्हा शेतीपंप थांबलेले असतात आणि राज्याची मागणी उतरलेली असते. थंडीत ते जमत नाही. आपले एसी बंद झाले तरी गव्हाला, कांद्याला पाणी लागतं. जुन्नरकडे माझा मावसभाऊ पाळीप्रमाणे रात्री वीज आली की बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला निघतो. उसात बिबट्या असतो, हे त्याला सांगायला लागत नाही. म्हणजे आपल्या ऊबदार निवांतपणाला त्याच्या रात्रपाळीचाही आधार आहे. तेव्हा थंडीत केंद्रं चालू ठेवायची आणि तारांना हात घालायचा, असा हा हिशेब. पावसात खांबावर चढता येत नाही, एप्रिलात लाईट घालवली तर लोक उपकेंद्रावर चालून जातील.

तारांचं महत्त्व आपल्याला 12 ऑक्टोबर 2020 ला कळायला हवं होतं. सोमवार, सकाळचे दहा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका दमात बंद. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कळवा-पडघे या 400 केव्हीच्या वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला. अशा वेळी मुंबईला ग्रिडपासून तोडून स्वतंत्र चालवणारी आयलंडिंगची व्यवस्था ऐंशीच्या दशकापासून आहे. नेमकी त्याच दिवशी तीही टिकली नाही. पुढे चिनी हॅकरांची चर्चा रंगली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक असं कारण दिलं. मला तेच पटतं, पण हॅकर ऐकायला जास्त चमचमीत.

पूर्वी अंधाराची कारणं सरळ असायची. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, वीजकेंद्र थांबलं आणि मुंबईपर्यंतचे कारखाने अडखळले. केंद्र बंद म्हणजे वीज बंद, एवढं साधं. आपल्या दारातही केंद्र होतंच. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस, रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी उल्हास नदीच्या काठी उभारलेलं. कोळसा रुळांवरून यायचा, पाणी नदीचं, आणि घाटातून पुण्याला जाणाऱ्या गाड्या त्या विजेवर धावायच्या. ते बंद पडूनही जमाना झाला.

आता कोळसा येत नाही, थेट वीज येते. चंद्रपूरहून निघालेली 500 केव्हीची डीसी वाहिनी 752 किलोमीटर चालून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला उतरते. 1999 पासून, 1,500 मेगावॉट क्षमतेची. नाशिकला जाताना टोलनाक्याच्या रांगेत आपण वैतागतो, त्या गावावर आपल्या फ्रिजपासून लोकलपर्यंत सगळ्याची भिस्त आहे. 26 एप्रिल 2022 ला पडघ्यात बिघाड झाला, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवली भर उन्हाळ्यात तासभर घाम पुसत बसली होती.

मुंबईने त्यानंतर आपली सोय थोडी पाहिली. 2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची नवी वाट सुरू झाली. आपल्याकडे काय वाढलं? मजले. शिळफाट्यापासून कल्याणपर्यंत वीस-तीस मजल्यांचे टॉवर, घरागणिक दोन एसी, तळघरात चार्जिंग. या सगळ्याला लागणारं उपकेंद्र उभारायला मोकळा भूखंड मात्र शोधून सापडत नाही, आणि सापडलाच तर शेजारच्या इमारतीची सही मिळत नाही. उपकेंद्र सगळ्यांना हवं, दुसऱ्याच्या गल्लीत. डिसेंबरातल्या सहा तासांच्या शटडाऊनवर आपण ग्रुपवर शंभर निरोप टाकतो. विकास आराखड्यातल्या उपकेंद्राच्या आरक्षणावर काय बांधलं गेलं, हे विचारायला एकही नाही. मी हल्ली मतं मागायला दारात येणाऱ्याला रस्ते आणि पाण्याच्या आधी ते विचारतो. बहुतेक जण हसून पत्रक हातात देतात. एकाने मात्र प्रभागाचा नकाशा घेऊन यायचं कबूल केलं आहे.