अर्धं तिकीट, अर्धं ताट

वास्तविक मी भांडणारा माणूस नाही. बाजारात कुणी माझ्या पायावर पाय दिला, तर 'माफ करा' मीच म्हणतो. पण 'बायकांना भूक कमीच असते' हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय, हॉटेलात ऐकलंय, दवाखान्यात ऐकलंय आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द बायकांच्या तोंडून ऐकलंय. सूर्य पूर्वेला उगवतो, शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा गोड असतो आणि बायकांना भूक कमी असते, ही तीन सत्यं आपण शाळेत न जाताच शिकतो. पहिल्या दोनांबद्दल माझी तक्रार नाही.

परवाचीच गोष्ट घ्या. काही कामासाठी आम्ही दोघं खामगावला गेलो होतो. माझं पोट बिघडलेलं, म्हणून मी दहीभात सांगितला. सौभाग्यवतींच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, त्यांनी थाळी सांगितली. वेटरने थाळी माझ्यापुढे ठेवली आणि दहीभात हिच्यापुढे. आम्ही अदलाबदल केली. थोड्या वेळाने तो गरम पोळ्या घेऊन आला. हिच्या पुढ्यातल्या थाळीकडे पाहून 'वहिनी साहेबांचं ताट सांभाळताहेत' असा काहीतरी त्याचा समज झाला असावा, कारण पोळी त्याने माझ्या दहीभातावर ठेवली. तिसऱ्या खेपेला तो भाजी घेऊन आला तेव्हा ही म्हणाली, "भाऊ, जेवणारी मी आहे." बिचारा दचकला. नंतर त्याने तिला वाढलं, नाही असं नाही. पण उपासाच्या दिवशी कुणी चोरून भजी खाताना दिसावं, तशा नजरेने वाढलं. बिल मात्र न चुकता माझ्यापुढे ठेवलं.

सरकारने 17 मार्च 2023 पासून बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट केलं, तेव्हा आमच्या गावच्या पारावर बरीच कुरकुर झाली. "आता बायायले सगळंच अर्धं!" मी म्हटलं, यात नवीन ते काय? अर्धं ताट तर आपण पिढ्यान् पिढ्या देत आलोय. फरक एवढाच, की अर्ध्या तिकिटात बाई पूर्ण चिखलीपर्यंत पोचते. अर्ध्या ताटात ती दुपारच्या निंदणापर्यंतही पोचत नाही.

आमचं गाव उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. गावात जेवणाऱ्या माणसांची एक परंपरा आहे. आमच्या मोठ्या काकांनी एका लग्नात किती बुंदीचे लाडू खाल्ले, याचा आकडा दर वर्षी दोन-दोनने वाढत असतो. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी लाडू थांबलेले नाहीत. अशा पुरुषाला गावात 'खाणारा गडी' म्हणतात आणि त्याच्या आठवणी काढतात. खाणाऱ्या बाईच्या आठवणी कुणी काढत नाही, तिची चर्चा करतात. जेवणावर आडवा हात मारायचा तो पुरुषाने. बाईचा हात आडवा होतो तो पत्रावळीवर, 'पुरे' म्हणायला.

आणि आग्रह! आपल्या पंगतीत आग्रहाइतकी पवित्र गोष्ट दुसरी नाही. जेवणारा नको म्हणतो, वाढणारा घ्याच म्हणतो, जेवणारा ताटावर वाकतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी गावातल्या पुरुषांची, तिसरी पोरासोरांची. उन्हं कलायला लागली की मग वाढणाऱ्या बायका बसतात. त्यांना वाढायचं कुणी? त्याच एकमेकींना वाढतात. आग्रह करायला समोर काही उरलेलंच नसतं. गंजाच्या तळाशी असलेल्या चार फोडींचा आग्रह करणार तरी कसा? तेव्हा ज्येष्ठ बाई म्हणते, "मले तं भूकच नाही बाप्पा." धाकट्या तिचीच री ओढतात. मांडवात पान खात बसलेले पुरुष हे ऐकतात आणि आपला सिद्धांत पुन्हा एकदा सिद्ध झाला म्हणून समाधानाने लोडाला टेकतात.

या सिद्धांताची एक पोटकलमही आहे. स्वयंपाक करणारीचं पोट म्हणे वासानेच भरतं. माझं आव्हान आहे, मला एक, फक्त एकच, हडकुळा हलवाई दाखवा! बिचारा जन्मभर तुपाच्या वासात उभा असतो. वासाने पोट भरत असतं, तर त्याच्या अंगावर एवढं मांस कुठून आलं? वासाने फक्त बायकांचं पोट भरतं असं म्हणायचं असेल, तर ते नाक आहे की जठर, हे वैद्यांनी ठरवावं.

शास्त्राचा आधार द्यायला निघालेल्यांसाठीही दोन शब्द. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात घास मोजून दिले आहेत. संन्याशाला 8, वानप्रस्थाला 16, गृहस्थाला 32 आणि ब्रह्मचाऱ्याला हवे तेवढे. गृहस्थाच्या बायकोचे घास त्या यादीत नाहीत. शेजारीच असंही म्हटलंय, की अग्निहोत्री, ओढकामाचा बैल आणि ब्रह्मचारी हे तिघं पोटभर जेवले तरच काम होतं. म्हणजे बघा, बैलाची आठवण झाली. त्याला आंबोण घालणारीची झाली नाही. उलट चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिवचनांत बाईचा आहार पुरुषाच्या दुप्पट सांगितलाय. आणि मनुस्मृती, जिचं नाव एरवी बायकांना गप्प बसवायला घेतात, ती तर सांगते की नव्या सुनेला आणि गर्भिणीला पाहुण्यांच्याही आधी जेवू घालावं. माझ्या उभ्या आयुष्यात हे वचन पंगतीच्या वेळी कुणाला आठवल्याचं मी पाहिलेलं नाही. शास्त्र आपण पंगतीसारखंच वापरतो. हवं ते वाढून घेतो, नको ते पानाबाहेर काढतो.

इंग्रज साहेबही आपल्यापेक्षा शहाणा निघाला नाही. 1877 च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या कामांवर सर रिचर्ड टेंपलने मजुरी कापली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा, बाईला त्याहून थोडं कमी. भुकेने मरायला टेकलेल्या माणसांतही साहेबाने बाईची भूक वेगळ्या तागडीत तोलली.

आता कुणी म्हणेल, अहो, पण देहाचा आकार म्हणून काही असतो की नाही? असतो. मी नाही म्हणत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली हिशेब मांडला. मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2710 कॅलरी, बाईला 2130. म्हणजे पुरुषाला पाच भाकरी, तर बाईला चार. ही एका भाकरीची तफावत मला मंजूर आहे. तिच्यासाठी मी भांडणार नाही. पण तोच तक्ता जरा पुढे वाचा. जड कष्ट करणाऱ्या बाईला 2720. आणि माझ्यासारख्या, खुर्चीत बसून लेख लिहिणाऱ्या आणि मधूनमधून चष्मा पुसण्याचे कष्ट घेणाऱ्या पुरुषाला 2110! बाळाला अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने वर आणखी 600. लोहाचा हिशेब तर सरळसरळ उलटा आहे. पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम आणि बाईला 29, कारण दर महिन्याला तिच्या अंगातलं रक्त जातं. म्हणजे जिला ताट थोडं लहान चालेल, तिच्या ताटात पालेभाजी मात्र दीडपट हवी. आणि आपण काय करतो? ताटही लहान देतो आणि भाजीही संपवून उठतो. उन्हातान्हात दिवसभर निंदण करून आलेली बाई ताकात भाकर कुस्करून खाते, आणि पारावर दिवसभर राजकारण करून आलेल्या पुरुषाला दुसऱ्यांदा भाजी लागते.

हे आकडे मला फार उशिरा कळले. त्यांची गोष्ट मात्र घरातच घडली होती.

मी कॉलेजात होतो. एका उन्हाळ्यात माय वावरात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. बाईच्या रक्तात ते निदान बारा तरी असावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "आई, जेवता ना वेळेवर?"

माय म्हणाली, "जेवतो ना बाप्पा. सगळ्यायचं झालं का जेवतो."

डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "तिले भूक कमीच हाये साहेब, पह्यल्यापासून." ते खोटं बोलत नव्हते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण मायला जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी तरी कुठं पाहिलं होतं? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आणि त्याच वयाच्या पुरुषांत 25 टक्के. त्या सत्तावन्नांच्या घरी विचारून पाहा. घरोघर एकच उत्तर मिळेल, "तिले भूक कमीच हाये."

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि वडिलांनी मायसाठी मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला. माय हिंडूफिरू लागल्यावर वावरातल्या मारुतीपुढे तो फेडायचं ठरलं. वाचकांपैकी जे आमच्या भागातले नसतील त्यांना सांगतो, रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा घसघशीत गोळा. तो गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, फोडायचा, वर तूप सोडायचं आणि वरण नि वांग्याच्या भाजीशी खायचा. दोन खाल्ले की माणूस झाडाखाली आडवा होतो. आणि हा वावरातला स्वयंपाक आमच्याकडे पुरुषमंडळी करतात. वर्षातून एखाद्या वेळी रोडगे भाजून उरलेलं वर्षभर त्याबद्दल बोलण्याचा त्यांना हक्क असतो.

त्या दिवशी घोटाळा असा झाला, की बायकांना संध्याकाळी दुसऱ्या गावी हळदीला जायचं होतं. ट्रॅक्टरची ट्रॉली तयार उभी होती. मग नाइलाजाने, अगदी नाइलाजाने, बायकांची पंगत पहिली बसली. वाढायला आम्ही पोरं. माझ्या हातात वांग्याच्या भाजीची बादली होती.

मायपुढे आलो तेव्हा तिचा एक रोडगा संपला होता. मला पाहताच तिने सवयीने पत्रावळीवर हात आडवा धरला. मी म्हटलं, "घे ना माय, लय भाजी हाये." तिने मान वर करून गंजाकडे पाहिलं. भाजी खरोखरच होती, काठोकाठ. तिने हात बाजूला घेतला. मी वाढलं. पुढच्या खेपेला हात आडवा आलाच नाही. माय तीन रोडगे जेवली. तीन! मोठ्या काकूंनी चार खाल्ले, आणि त्यांच्या घरी तर लाडवांची परंपरा काकांच्या नावावर जमा होती. कुणी बोलत नव्हतं. नुसता रोडगे फोडल्याचा आवाज आणि वरण भुरकल्याचा आवाज. माझी माय जेवताना कशी दिसते, हे मी एकोणिसाव्या वर्षी पाहिलं.

मग पुरुषांची पंगत बसली. मी बादली घेऊन गंजाशी गेलो. तळाशी चार फोडी आणि थोडा रस्सा. पुरुषमंडळींनी ठेच्याशी आणि पातळ वरणाशी रोडगे खाल्ले. वडील पत्रावळीवरून मोठ्याने म्हणाले, "बायायची भूक आज काऊन एवढी वाढली?"

ट्रॉलीत बसलेल्या मायने तिथूनच उत्तर दिलं, "भूक तेवढीच हाये. गंजात भाजी आज पह्यल्यांदा हाये."

ट्रॉली हसत हसत निघून गेली. वडील हसले नाहीत. ते बराच वेळ ठेच्याकडे बघत बसले होते. त्या रात्रीपासून घरात क्रांती वगैरे झाली, असं मी सांगणार नाही. पण आपलं वाढून झालं की ते भाजीच्या गंजावर झाकण ठेवायचे आणि विचारायचे, "तुह्यापुरती हाये ना?" एवढंच. मायचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. वडील त्याचं श्रेय मारुतीला देत. मी वाद घातला नाही. रोडगे त्याच्याच नावाचे होते.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बाईची भूक मोजायची असेल, तर ती शेवटच्या पंगतीत मोजू नका. उपाशी बैलाच्या चालीवरून त्याची ताकद कुणी ठरवत नाही. जो रांधतो त्याने आधी जेवावं, निदान सगळ्यांच्या बरोबरीने बसावं. आणि बाईचं पहिलं 'पुरे' हे उत्तर समजू नये. ती सवय असते. पाहुण्याला आपण तीनदा आग्रह करतो. घरच्या बाईला दोनदा करायला काय हरकत आहे?

एवढं सांगूनही पटत नसेल, तर आज रात्री घरी एक करून पाहा. तिला आधी बसवा. तुम्ही वाढा. तिने हात आडवा धरला तर पातेलं कलतं करून तिला आतली भाजी दाखवा, आणि पुन्हा विचारा. सगळ्यांचं झाल्यावर मग पातेलं पुढ्यात घेऊन तुम्ही बसा. त्यात जे काही उरलं असेल ते खा, आणि वर पाणी प्या.

मग भूक कुणाला कमी असते, यावर आपण सावकाश बोलू.