म्युकर ओसरला, साखर तशीच

मे २०२१मध्ये नगर जिल्ह्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण येऊ लागले, तेव्हा सगळी धावपळ अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीरोधक इंजेक्शनसाठी होती. राज्याने उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले, ते योग्यच झाले. पण करोना ओसरला तशी या आजाराची चर्चाही थांबली. म्युकर करोनाबरोबर आला आणि गेला, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. २०१६-१७मध्ये, करोनाचे नावही नव्हते तेव्हा, देशातील १२ रुग्णालयांत ४६५ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सुमारे ७३ टक्के मधुमेही होते. २०२१मध्ये नेत्रतज्ज्ञांनी देशभरातले २,८२६ रुग्ण अभ्यासले. त्यांत ७८ टक्के मधुमेही आढळले.

त्याच अभ्यासात ८७ टक्के रुग्णांनी स्टेरॉइड घेतले होते. मग दोष साखरेला का, असे कुणी विचारील. पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते आणि साखरही वाढवते. बुरशी तर माती, शेणखत, कुजलेला पाला यांत असतेच, श्वासातून आत जातेच. निरोगी शरीर तिला थारा देत नाही. साखर बेसुमार वाढून रक्तात आम्ल साचले की रक्तातले लोह सुटे होते आणि त्यावर ती फोफावते. नाकालगतच्या सायनसमधून कागदासारखे पातळ हाड ओलांडून ती डोळ्याच्या खोबणीत शिरते, रक्तवाहिन्या बुजवते. रक्तच पोचत नाही तिथे औषध कसे पोचणार? तो भाग काळा पडतो, आणि जीव वाचवायला कधी डोळाच काढावा लागतो.

म्हणूनच उपाय साखरेपासून सुरू व्हायला हवा. इतक्या दुर्मीळ आजारासाठी वेगळा खर्च कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण इथे वेगळे फारसे काही उभारायचे नाही. ग्लुकोमीटर आरोग्य केंद्रात असतो, आणि ताब्यात ठेवलेली साखर मूत्रपिंड आणि पायही वाचवते. अडचण आहे ती अंतराची आणि स्थलांतराची. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगर शहर शंभर किलोमीटरहून लांब. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड मजूर हंगामात महिनोन्‌महिने गावाबाहेर. त्यांच्यातल्या मधुमेहींची गोळी मध्येच बंद पडू नये, स्टेरॉइड देण्याआधी आणि नंतर साखर तपासली जावी, आणि नाकातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी पाहण्याची सोय तालुक्याला असावी, एवढेच जिल्हा प्रशासनाने बघावे. आणि मधुमेही वाचकांनो, गालाला एका बाजूने बधिरपणा, नाकात काळी खपली, पापणी खाली येणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांतले काहीही जाणवले तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.