कामगार खात्याच्या पगारखर्चाविषयी

ज्या खात्याचा बहुतेक पैसा आपल्याच नोकरांच्या पगारावर व भत्त्यांवर खर्ची पडतो, ते खाते मजुराच्या काय उपयोगाचे, हा कामगार खात्याविरुद्ध वारंवार घेतला जाणारा आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु बांधकाम खात्यात रस्ता ही निष्पत्ती आणि पगार हा तिचा आनुषंगिक खर्च असतो. कामगार खात्यात तपासणी, सुनावणी व समेट हीच निष्पत्ती असल्यामुळे ती करणाऱ्याचे वेतन हाच मूळ कामाचा खर्च होय. शिवाय २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याने निरीक्षकाच्या अर्जावरून मिळू शकणारी फरकाची रक्कम, आणि तिच्या दहापटीपर्यंतची भरपाई, खजिन्यात न जाता मजुराच्या पदरात पडावयाची. म्हणून निरीक्षकाचा पगार तेवढा खर्ची दिसतो आणि त्याने मिळवून दिलेले सरकारच्या जमेस कोठेच दिसत नाही.

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावातील एखाद्या रेजेची मजुरी ठेकेदाराने बुडविली, तर दाद मागण्यास तिला वर्ध्याचे कार्यालय गाठावे लागते. तेथे जागा रिकामी राहून एकाच अधिकाऱ्याकडे दोन टेबलांचे काम असले की तारीख पुढे जाते, आणि दर तारखेस तिचा खाडा पडतो. रिकाम्या ठेवलेल्या जागेचा खर्च असा वाचत नाही, तो तिच्या अंगावर पडतो.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळाच्या वेतन व कारभारखर्चाला वर्षाच्या एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली. मजुरांसाठी बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक दराने घेतलेला उपकर कचेऱ्यांनी गिळू नये, हा हेतू स्तुत्यच होता. तथापि माणसे थोडी म्हणून वाटप थोडे, वाटप थोडे म्हणून एकूण खर्च थोडा, आणि खर्च थोडा म्हणून माणसे वाढविण्यास मुभा नाही, अशा फेऱ्यात मंडळ सापडू शकते. त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे घाऊक खरेदी करून वस्तूंचे संच वाटणे. ठेकेदाराचा हजेरीपट पडताळण्यास मात्र माणूसच लागतो.

पगार घेऊन खुर्ची न सोडणाऱ्या अंमलदाराविषयीचा रोष आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. त्याची झाडाझडती अवश्य घ्यावी, पद का रद्द करावे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४७ च्या ज्या कराराला भारताने १९४९ साली मान्यता दिली, त्यात निरीक्षकांची पुरेशी संख्या व त्यांच्या प्रवासखर्चाची भरपाई या दोन्ही अटी आहेत. तेव्हा रिक्त जागा भराव्यात, फिरतीचा भत्ता वाढवावा, महिन्यातील ठरल्या बाजाराच्या दिवशी सुनावणी पुलगावास घ्यावी, आणि निरीक्षकाची फिरतीची दैनंदिनी नाचणगावच्या ग्रामपंचायतीत सर्वांना वाचता येईल अशी लावावी.